दोन तारांवरचा उतार

राजे अजून गेले नव्हते आणि सायकली नुकत्याच आल्या होत्या, त्या जुन्या काळातली ही गोष्ट.

समुद्राकाठी एक गाव होतं. एके सकाळी पाणवठ्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, "वैद्यबाबा आता खाली यायचे नाहीत म्हणे, कारण..." तेवढ्यात तिची घागर भरली. घागर डोक्यावर घेऊन ती चालू लागली, आणि कारण तिच्याबरोबरच गेलं.

गावाला काही कारणाशिवाय राहवेना. दुपारपर्यंत तीन कारणं तयार झाली. कुणी म्हणालं, बाबांना दरबारातून बोलावणं आलंय. कुणी म्हणालं, म्हातारपणी लग्न ठरलंय. कुणी म्हणालं, त्यांच्या काढ्याला कुणीतरी नावं ठेवली, म्हणून रागावलेत. डोंगरावर जाऊन विचारावं, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

बाबा डोंगरमाथ्यावर एकटे राहत. दर बाजाराला झाडपाल्याची पिशवी सायकलला अडकवून ते उतारावरून येत, औषधं देत, आणि संध्याकाळी गिअर हलका करून चढ चढत परत जात. लोक त्यांना पोटदुखी सांगत, खोकला सांगत. बाबा कसे आहेत, हे विचारायची पद्धत नव्हती. वैद्याला काय होणार?

उताराच्या पायथ्याशी, शेवटच्या घरात एक बाई राहायची. कुणाच्या घरी काय शिजतंय, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. अशा बाईला लोक नावं ठेवतात, ठेवोत बापडे. तिने दोन भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधली आणि ती डोंगर चढली.

बाबा अंगणात बसले होते. समोर सायकल उलटी करून ठेवलेली. ब्रेकची वायर कव्हरातून ओढून काढलेली. कव्हर नव्यासारखं होतं, पण आतल्या बारीक तारा खाऱ्या हवेने गंजून एकेक करून तुटल्या होत्या. दोनच उरल्या होत्या.

"तेल घालायला म्हणून काढली," बाबा म्हणाले. "मागच्या बाजाराला मी या दोन तारांवर उतरलो."

बाईने त्या दोन तारा बोटाने चाचपून पाहिल्या. बाबांच्या मांडीजवळ नव्या वायरींच्या दोन पुड्या होत्या. एकीतली चकचकीत, जत्रेत मिळते तशी. दुसरीतली मळकट दिसणारी, पण न गंजणारी. यातली कुठली घालणार, असं तिने विचारलं.

बाबा म्हणाले, "ही वर्षभर टिकेल, ती दहा वर्षं. एवढी टिकाऊ घेऊन मला करायचंय काय? खरं सांगू का बाई, कुठलीच घालू नये असं वाटतंय. मी उतरलो नाही, तर कुणाचं काय अडणार आहे?"

बाईने दोन्ही वायरी हातात घेऊन वाकवल्या. चकचकीत वायर वाकली ती वाकडीच राहिली, टोकही पिंजलं. मळकट वायर सोडल्याबरोबर सरळ झाली.

"हीच घाला," ती म्हणाली. "माझ्या सुनेला पाचवा महिना लागलाय. तिच्या बाळाला गुटी द्यायची, मग त्याचे दात, मग त्याचा गोवर. दहा वर्षं कमीच पडतील, बाबा."

बाबांनी पाना उचलला. नवी वायर कव्हरात सरकवली आणि ताणून धरायला तिचं टोक दातांत घेतलं.

"दातांनी धरता?"

"दुसऱ्या कुणाचा हात कुठून आणू? सायकल घेतल्यापासून असंच करतोय."

बाईने टोक त्यांच्याकडून घेतलं आणि ताणून धरलं. बाबांनी नट आवळला. गिअरची वायरही दोघांनी तशीच बदलली. मग बाबा भाकरी खायला बसले. खाताना त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या बाजाराला उतारावर घंटी वाजली. अफवा अर्धीच खरी निघाली. खाली न येण्याचं बाबांच्या मनात खरोखरच होतं. एका लाकूडतोड्याजवळ ते तसं बोललेही होते. पण का, हे त्याने विचारलंच नव्हतं. म्हणजे पाणवठ्यावरच्या बाईलाही कारण ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बाबा एकटेच चढ चढून गेले. पायथ्याच्या घरातली बाई दारात उभी होती. त्यांनी वळणावर एकदा घंटी वाजवली, आधी कधी वाजवत नसत. तेव्हापासून दर वर्षी वायरी काढून तेल घालायची वेळ आली, की गावातलं कुणी ना कुणी टोक धरायला डोंगरावर जाऊ लागलं.

तात्पर्य: कव्हर शेवटपर्यंत धड दिसतं आणि तार आत तुटते, म्हणून माणसाबद्दल दुरून अंदाज बांधू नये, जवळ जाऊन विचारावं.