फुकटचा राखणदार

एकदा एका वैद्यबुवांच्या दवाखान्यात एक मुलगी आली. मानेवर कोडाचा रुपयाएवढा डाग, आणि लग्न ठरत आलेलं. "बाहेर कळू देऊ नका," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

ती गेल्यावर बुवांच्या शिष्येने दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर औषधाची माहिती शोधली. तेवढ्यात पोटदुखीचा एक व्यापारी आला. शिष्या त्याला पथ्याचा तक्ता दाखवू लागली, तर पडद्यावर चहूकडून कोडाच्या मलमांच्या जाहिराती. व्यापारी हसला. "आत्ता तोंड झाकून गेली, तिचंच का हो हे?"

"छे," शिष्या म्हणाली. पण चेहऱ्याने सांगायचं ते सांगून टाकलं.

त्याच दुपारी तिने कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणारा एक ॲडब्लॉकर घेतला. यादीत पहिला दिसला तो. काही न वाचता 'मान्य' दाबत गेली. पानं आरशासारखी स्वच्छ झाली, झपाझप उघडू लागली.

"हा नवा राखणदार कोणाचं खातो?" बुवांनी विचारलं.

"फुकट आहे, बुवा. लाखो लोक वापरतात."

"कोणाचं खातो, ते विचारलं मी."

शिष्येने खांदे उडवले आणि पुढचं पान उघडलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी स्टुलावर, हातात काठी घेऊन येसूतात्या बसलेला. येसूतात्या म्हणजे गावाचा भोंगा. कोणाच्या घरात काय शिजलं ते हा पारावर ओतायचा, आणि त्याबद्दल लोकांकडून चहा उकळायचा. औषधं खपवायला आलेल्या एजंटांना मात्र त्याने पायरीही चढू दिली नाही. काम चोख. पण ती मुलगी कोपऱ्यापर्यंत आली, तात्याची नजर पडायच्या आत तिने त्याला पाहिलं आणि परत फिरली.

शिष्या तणतणत आत गेली. "बुवा, ह्याला कुणी बसवलं? कोण आलं, कोण गेलं, सगळं हा गावभर करील."

"एजंट आत येतात का?"

"नाही."

"पगार मागतो का?"

"नाही, पण..."

"मग बिघडलं काय? फुकट आहे. सगळं गाव ओळखतं त्याला."

शिष्येने वळून कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"मीही कालपासून जळतोय," बुवा म्हणाले. "रोग्याने विश्वासाने दाखवलेलं दुखणं बाजारात मांडणारी ही जाहिरातवाल्यांची औलाद निर्लज्ज आहेच. पण तिला अडवायला आपण कोणाला बसवतो, ते न बघणारे आपण कुठले शहाणे? दारात बसणाऱ्याला सगळं दिसणारच. त्याचे डोळे बांधता येत नाहीत, म्हणून आधी पारख करायची. पाहिलेलं तो कुठे नेऊन ओततो? झडती द्यायला तयार आहे का? फुकट राबणारे सज्जनही असतात, पोरी. ते झडतीला भीत नाहीत."

शिष्येने काल न वाचलेल्या अटी वाचल्या. तेराव्या कलमात होतं: 'आपण पाहिलेल्या पानांची यादी आमच्या भागीदारांना दिली जाईल.' तिने तो ब्लॉकर तिथल्या तिथे काढून टाकला. मग संध्याकाळपर्यंत बसून दुसरा शोधला. ज्याची घडण कोणालाही उघडून तपासता येते, आणि जो पाहिलेलं बाहेर नेत नाही असा. बुवांनी येसूतात्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. शिष्येने आधी आपली चूक तिला सांगितली, व्यापाऱ्याचं हसणंसुद्धा. मुलीने दाराकडे पाहिलं. तिथे स्टूल नव्हतं. मग तिने मानेवरची ओढणी बाजूला केली.

राखणदार ठेवण्याआधी तो कोणाच्या घरी जेवतो ते बघावं.