ठमाबाईंचा आवाज

यंत्रांच्या पडद्यांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. झाडपाल्याची औषधं डोंगरावर राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या ठमाबाईंनाच ठाऊक होती. ती लिहून घ्यायला शाल्मली त्यांच्याकडे जाई. तिच्याकडे एक टॅबलेट होता आणि कीबोर्ड सुटा होणारा एक लॅपटॉप.

"कीबोर्ड काढला की मीही टॅबलेटच; मी दोन्ही कामं करतो. मग तुझी गरज काय?" लॅपटॉप टॅबलेटला विचारी.

ठमाबाई अंथरुणाला खिळल्या. चढ अवघड, म्हणून शाल्मलीने हलका टॅबलेटच नेला. त्याने म्हातारीचा शब्दन् शब्द टिपला.

"बाये, माझ्यापाशी एवढंच होतं," त्या म्हणाल्या. आठवड्याने त्या गेल्या.

शाल्मली टॅबलेटवरचं ते बोलणं लॅपटॉपकडून लिहवून घेऊ लागली. आवाज फार कापरा होता. एका मुळीच्या नावापाशी लॅपटॉप अडला.

"मी तिथे नव्हतो," तो हळूच म्हणाला. "काय म्हणाल्या त्या?"

टॅबलेटने तेवढा भाग पुन्हा ऐकवला.