खुरप्याच्या बेटावरची भुईआवळी

एका राज्यात, जिथल्या नद्या समुद्राला मिळण्याआधी राजवाड्याला वळसा घालून जात, वीरकेतू नावाचा राजा होता आणि रेणुमती नावाची त्याची थोरली बहीण होती. राजानं चूक करावी आणि बहिणीनं ती निस्तरावी, असा त्या घराचा लहानपणापासूनचा रिवाज होता.

एके दिवशी डोंगर खणताना सोन्यानं भरलेला रांजण सापडला. तो धूम्राक्ष मांत्रिकाचा होता. रांजणाच्या तोंडावर पितळेचा नाग बसला होता. नाग म्हणाला, "राजा, जो आत पाहील, त्याला बाहेरचं दिसणार नाही."

रेणुमती म्हणाली, "उघडू नकोस."

राजानं उघडला. रेणुमतीनं संतापून पाठ फिरवली, म्हणून ती एकटी वाचली. राजानं आत पाहिलं, प्रधानानं पाहिलं, सेनापतीनं पाहिलं. त्या घटकेपासून तिघांना सारं जग पिवळं दिसू लागलं. आभाळ पिवळं, दूध पिवळं, राणीचं तोंड पिवळं. हेही चाललं असतं. पण भात अजून पोटरीतही आलं नव्हतं, तोच राजा सज्जात उभा राहिला, शेतांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पीक पिकलं. कापा."

हिरवंगार भात कापलं गेलं. त्या वर्षी प्रजा अर्ध्या पोटी निजली.

"प्रधानजी, तुम्ही तरी बोलायचं!" रेणुमती म्हणाली.

"बाईसाहेब, मलाही पिवळंच दिसलं."

रेणुमतीनं कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि होडीत बसली.

धूम्राक्षाचं बेट समुद्राच्या मध्यावर होतं. रोज दुपारी तिथं पाऊस पडे आणि रोज संध्याकाळी ऊन पडे. केळफुलं अंधार पडताच समईसारखी तेवत, फणस झाडावरच घोरत. देशोदेशींहून आणलेल्या फुलांचे ताटवे होते आणि त्यांत तणाची एक काडी नव्हती. कारण एक खुरपं, कुणाच्या हातात नसलेलं, टुणटुण उड्या मारत बागभर हिंडत होतं आणि दिसेल ते तण उपटत होतं.

"शाप मागे घ्या," रेणुमती म्हणाली.

"सुटलेला शाप आणि सांडलेलं तेल, मागे घेता येत नाही," धूम्राक्ष म्हणाला. "औषध मात्र आहे. या बेटाची भुईआवळी. वीतभर झाड. एका पावसाळ्यात उगवतं, पानाखाली फळं धरतं, बी टाकतं आणि मरतं. तीन कामं कर. बी मिळव. याच बागेत वाढव. आणि ज्यानं रांजणात पाहिलं, त्याला ते स्वतः ओळखून स्वतः उपटू दे."

"या बागेत? त्या खुरप्यासमोर?"

"होय."

"मग खुरपं थांबवा."

"थांबवण्याचा मंत्र विसरलो," म्हातारा म्हणाला आणि हसला. ते हसणं अगदी वीरकेतूसारखं होतं. रेणुमतीच्या कपाळाची शीर उडू लागली.

भुईआवळीचं बी बागेच्या टोकाला, खडकाळ मातीत पडलेलं होतं. त्या मातीवर एक टिटवी अंडी घालून बसली होती.

"टिटवीबाई, ओंजळभर माती द्या."

"टिट्टिट्टी! पिल्लं निघेतो माती हलायची नाही!"

रेणुमती वाट पाहत बसली. ती खोकली, टिटवी ओरडली. तिनं पाय लांब केला, टिटवी ओरडली. तिनं नुसता श्वास सोडला, तरी टिटवी ओरडली. ऊन वाढलं तेव्हा रेणुमतीनं आपला शेला दोन काठ्यांवर ताणून अंड्यांवर सावली धरली. त्यावरही टिटवीनं काठ्या वाकड्या असल्याची तक्रार केली. शेवटी पिल्लं निघाली, तुरुतुरु पळाली आणि टिटवी म्हणाली, "घे माती. बसायला शिकलीस."

पहिलं काम झालं.

रेणुमतीनं माती वाफ्यात पसरली. पाऊस पडला, राईच्या दाण्यांएवढे अंकुर फुटले. खुरपं आलं आणि अंकुरांनी पान उघडायच्या आत सारे साफ करून गेलं.

तिनं पुन्हा पेरलं, भोवती काटेरी कुंपण केलं. खुरप्यानं कुंपणही उपटलं, तेही तणच समजून. तिनं खुरपं दोरखंडानं फणसाला बांधलं. खुरप्यानं फणसाची मुळं मोकळी केली, झाड आडवं झालं आणि फणस घोरणं थांबवून शिव्या देऊ लागले.

ओंजळीत त्या मातीची शेवटची चिमूट उरली. रेणुमती भर पावसात चिखलात उभी होती. घरी भाऊ तसा, इथं म्हातारा असा, वर टिटवी, खाली खुरपं. ती किंचाळली, "अरे मेल्या, तुला हुकूम तरी काय आहे?"

खुरपं थबकलं. आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणालं, "परकं ते उपट. एवढाच हुकूम आहे."

रेणुमतीनं डोळे मिटले, उघडले आणि हळू आवाजात म्हणाली, "मग मला सांग, या मातीत आधी कोण होतं?"

खुरप्याला ठाऊक नव्हतं. टिटवी ओरडली, "भुईआवळी! माझ्या आजीच्या आजीची अंडी तिच्याच सावलीत होती! हे ताटवे तर म्हाताऱ्यानं जहाजातून आणले!"

खुरपं वळलं. टुण, टुण, टुण करत ते थेट धूम्राक्षाच्या लाडक्या निळ्या गुलाबांकडे निघालं. पहिला गुलाब मुळासकट हवेत उडाला मात्र, म्हाताऱ्याला विसरलेला मंत्र लख्ख आठवला. त्यानं तो एका दमात म्हटला आणि खुरपं जागच्या जागी आडवं पडलं.

"स्मरणशक्ती बरी आहे तुमची," रेणुमती म्हणाली आणि चिमूटभर माती वाफ्यात टाकली.

भुईआवळी उगवली. लहान, साधी, चिंचेसारख्या पानांची. ना तिला खत लागलं, ना आळं. तिच्या पानांखाली बारीक फळं लोंबू लागली. खुरपं आडवं असल्यानं भोवती तिच्यासारख्याच पानांची इतर रोपंही माजली. दुसरं काम झालं.

रेणुमतीनं टिटवीकडून निरोप धाडला. राजा आला तो चौघडा वाजवत, छत्र धरून, प्रधान आणि सेनापतीला घेऊनच.

"कुठं आहे औषध?"

धूम्राक्ष म्हणाला, "इथल्या रोपांतच आहे. तिघांच्या वतीनं तू शोध. बहिणीनं बोट दाखवायचं नाही. दोनदा चुकलास तर चालेल. तिसऱ्यांदा चुकलास तर पिवळंही दिसणार नाही."

राजानं उभ्यानंच हात घातला आणि लाजाळू उपटली. बोटांत काटे रुतले.

"चुकलं," म्हातारा म्हणाला.

राजानं घाईघाईनं दुसरं रोप उपटलं. ते चिंचेचं होतं.

"चुकलं."

राजाचा हात तिसऱ्या रोपाकडे गेला.

"वीरकेतू!" रेणुमतीचा आवाज असा कडाडला की चौघडा थांबला. "खाली बस."

"ताई, राजा जमिनीवर..."

"बस खाली! जन्मभर मी सांगते आणि तू ऐकत नाहीस. आज डोळे जातील. बस. रंग पाहू नकोस, तो तुला दिसत नाही. पान उलटून बघ."

राजा ओल्या मातीत गुडघे टेकून बसला. त्यानं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. पुष्कळ वेळ तो एकेक रोप चाचपत राहिला. आणि मग एका रोपाच्या पानांखाली, दोऱ्यात ओवल्यासारखी, इवली फळं त्याच्या बोटांना लागली.

"ताई," तो हलकेच म्हणाला, "ही सगळं खाली लपवून ठेवते."

त्यानं ते रोप उपटलं आणि मुळासकट चावलं. रस कडूजहर होता. राजाच्या डोळ्यांतून पिवळं पाणी वाहू लागलं, ते मातीत मुरलं, आणि डोंगरातला रांजण तिकडे कोरड्या पानासारखा चुरून गेला. प्रधान दचकून म्हणाला, "आभाळ निळं आहे!" सेनापती रडू लागला.

राजा दुसऱ्या रोपाकडे झेपावला. "हीही घेऊ! वाड्यात लावू, कायमची!"

रेणुमतीनं त्याच्या हातावर चापट मारली. "कायमची नसतेच ती. बी पडू दे, वाळू दे. पुढच्या पावसात जिथं पडेल तिथं उगवेल."

राजानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"ताई, तुझे केस पांढरे कधी झाले?"

"तुला दिसत नव्हतं तेव्हा," ती म्हणाली.

राजानं मुकुट मातीवर ठेवला, छत्र मागवलं आणि स्वतः तिच्या डोक्यावर धरलं. होडीपर्यंतची वाट चिखलाची होती. ती सबंध वाट तो तिच्या एक पाऊल मागून चालला.

अशी ही भुईआवळीची गोष्ट. ज्यानं ऐकली, त्याच्या डोळ्यांना हिरवं ते हिरवंच दिसो.