विसाजीपंतांचे मऊ पत्र

नदीकाठच्या एका गावात विसाजीपंत नावाचे एक गृहस्थ लोकांची पत्रे लिहून देत. त्यांचे शब्द मोठे मऊ. रुसलेला जावईसुद्धा त्यांचे पत्र वाचून मुकाट सासरी येई. ही कीर्ती गावाला ठाऊक होती, आणि पंतांना गावापेक्षा जरा जास्तच.

त्याच गावात हरबा नावाचा म्हातारा विणकर एकटाच राहत असे. त्याची एकुलती एक लेक कौसा दोन दिवसांच्या वाटेवर नांदत होती. एके सकाळी हरबा वारला. त्या वेळी पंत त्याच्या उशाशी होते.

कौसाला कळवायचे काम साहजिकच पंतांवर आले. त्यांनी लेखणी उचलली, पण ‘वारले’ हा शब्द काही त्यांच्याने लिहवेना. बिचाऱ्या पोरीला एकदम धक्का नको, असे स्वतःला सांगत त्यांनी लिहिले, ‘वडिलांना जरा बरे नाही. काळजी नसावी. सवडीने येऊन जावे.’

कौसा सवडीने आली. वैद्याकडून तिने औषध आणले होते आणि डबाभर मेथीचे लाडू केले होते. ती पोचली तेव्हा हरबाचा दहावा होऊन गेला होता. अस्थीही नदीत सोडून झाल्या होत्या. दाराला कुलूप होते. शेजारणीने तिला खरे काय ते सांगितले.

कौसा पत्र घेऊन पंतांकडे गेली. ती भांडली नाही.

“पंत, आबा गेले होते आणि मी त्यांच्यासाठी लाडू वळत बसले,” ती म्हणाली. “वाटभर मी हसत आले.”

तिने ते पत्र पंतांपुढे ठेवले आणि विचारले,

“त्यांनी माझं नाव काढलं होतं का?”

“दोनदा काढलं,” पंत म्हणाले. “मग पाणी मागितलं. मी पाजलं. फार त्रास झाला नाही त्यांना.”

हे ऐकल्यावर मात्र कौसा खाली बसली आणि पोटभर रडली. पत्रात लिहायचे होते ते एवढेच, हे पंतांना तेव्हा उमगले. त्यांनी धक्का चुकवला होता तो तिचा नव्हे, स्वतःचा. त्यांनी कौसाची माफी मागितली. तिने ती दिलीही. पण बापाच्या दहाव्याला लेक नव्हती, ते आता कोणत्याच पत्राने बदलणार नव्हते.

तात्पर्य: मृत्यूची बातमी झाकल्याने दुःख टळत नाही. ती स्पष्ट शब्दांत आणि मायेने सांगावी, म्हणजे माणसाला निदान वेळेवर रडता येते.