पहिली उडी नारळाची

आमच्या शेजारच्या पुष्पलताची मनवा ट्रॅम्पोलिनच्या फाटक्या जाळीतून बाहेर कट्ट्यावर आदळली आणि तिचा उजवा हात मोडला. आणि आठवडाही झाला नाही तोवर मैदानाचे मालक रंगनाथशेठ पूजा घालून ते ट्रॅम्पोलिन पुन्हा सुरू करायला निघाले! मी गेलेच बघायला, मला कुठं राहवतंय? जाळी तशीच लोंबत होती आणि समोर पोरांची ही रांग.

"शेठ, आधी जाळी बदला हो," पुष्पलता म्हणाली. "आणखी कुणाचं पोर पडलं तर जबाबदार कोण?"

शेठनी फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं. "वाचता येतं ना, वहिनी? उडी मारेल त्याची जबाबदारी. चला, नारळ फोडा."

पूजेतला नारळ पुष्पलतानेच उचलला. "पहिली उडी या नारळाची. तुम्ही त्या भोकापाशी उभे राहा, मी आत जोरात आपटते."

तिने हात डोक्याच्या वर नेला. शेठ टुणकन बाजूला झाले.

"वेड लागलं का, वहिनी? डोकं फुटेल माझं!"

"उडी नारळाची, जबाबदारी नारळाची. तुम्ही कशाला घाबरता?"

आयांनी आपापली पोरं रांगेतून ओढली, तसं शेठनी स्वतःच फाटक लावलं आणि पाटी उतरवली.

नवी जाळी लागली त्या दिवशी तोच नारळ फुटला. मनवाने खोबरं डाव्या हाताने खाल्लं.