भूमक्काचा तांब्या

“मग तुमचीच कंबर का नाही दुखत, भूमक्का? मंत्र घातलाय, का कुठलं तेल लावता?”

राजमणीनं दारातूनच विचारलं. सव्वीस वर्षांची बाई, पण भिंत धरून उभी होती. गल्लीत दिवसाला बाराशे विड्या वळणारी ती एकटीच. मांडीवर सूप घेतलं की उठायची नाही, आणि त्याचाच तिला तोरा. काल दोन वर्षांच्या पोरीला उचलायला वाकली ती वाकलेलीच राहिली. डॉक्टर म्हणाला, विड्या सोड. सोडून खायचं काय, विडीची पानं?

भूमक्का पासष्टीची. चाळीस वर्षं विड्या वळून बोटं पिवळी पडलेली, पाठ मात्र खांबासारखी.

“सूप आणलंयस? बस. वळ.”

राजमणी बसली. पानात तंबाखू, गुंडाळी, दोरा... बोटं नुसती पळत होती.

म्हातारी मात्र पंचवीस झाल्या की उठायची. पाण्याचा तांब्या अंगणाच्या पार टोकाला. तिथवर जायची, घोटभर प्यायची, हात वर करून आळस द्यायची, कुणाच्या तरी कोंबडीला चार शिव्या हासडून परत यायची.

राजमणीला तिची दया आली. कण्हत उठली, तांब्या आणून म्हातारीच्या गुडघ्यापाशी ठेवला.

“घ्या. आता उठायचं कामच नाही.”

भूमक्कानं तांब्याकडं बघितलं... मग राजमणीकडं. तांब्या उचलला आणि आधीच्याही पलीकडं, शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

“जा. पाणी पी.”

“आई गं...” करत राजमणी गेली, चरफडत आली.

पंचवीस विड्या झाल्या.

“जा.”

आणखी पंचवीस.

“जा.”

ऊन उंबऱ्यावर आलं. कितव्या तरी खेपेला राजमणीची भिंत धरायची राहून गेली. ओट्यापाशी पोचल्यावर तिच्या ते ध्यानात आलं.

परत येऊन बसली. तरी तोंड फुगलेलंच.

“आज माझ्या हजारसुद्धा व्हायच्या नाहीत, अक्का.”

“पोरगी उचलायचीय ना?”

सुपात बोटं पुन्हा चालू झाली. जरा बेतानं.

“जा.”

“अहो, पण मला तहानच नाही!”

भूमक्कानं विडीचं तोंड अंगठ्यानं दाबून बंद केलं.

“मग दोनदा जा.”