न कलणारी दुपार

एका राज्यात दुपार कलायची थांबली. सूर्य डोक्यावर आला आणि तिथेच बसला, जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. माणसांच्या सावल्या पायाखाली शिरल्या त्या बाहेर आल्या नाहीत. माणसं चालत होती, बोलत होती, भांडतही होती. पण ज्याला वेळ लागतो असं काहीच पुरं होत नव्हतं. चुलीवरचा भात रटरटत होता आणि कच्चाच होता. विरजण लागत नव्हतं, जखम भरत नव्हती, कैरी पिकत नव्हती. राजाच्या कचेरीत मात्र हे फार उशिरा लक्षात आलं. तिथे आधीही काही पुरं होत नसे.

याचं कारण असं झालं. राजा अजिंक्यसेनाला राज्याभिषेक झाला तो मध्यान्ही. मस्तकावर मुकुट, समोर वाकलेल्या पागोट्यांचं शेत, आणि जयजयकार असा की कबुतरं उडाली. राजाला ते इतकं गोड लागलं, की त्याने शेजारी उभ्या असलेल्या कालकंठ मांत्रिकाला म्हटलं, ही दुपार मला ठेवून घ्यायची आहे. कालकंठाने दरबारातल्या सोन्याच्या घड्याळाचा लंबक बोटाने थांबवला, आणि मग मंत्र घातला, की यापुढे या लंबकाला किंवा काट्यांना ज्याचा हात लागेल तो दगड होईल. राजाचं घड्याळ दाखवील तीच राज्याची वेळ, असा तिथला कायदा होता. सूर्यानेही तो पाळला.

नगराच्या वेशीजवळ कमळजा नावाची बाई राहत असे. ती घड्याळं दुरुस्त करी. तिचा नवरा तेच काम करायचा. तो गेल्यावर तिने त्याचं भिंग आपल्या डोळ्याला लावलं. लोकांनी आधी नावं ठेवली, आणि नावं ठेवून झाल्यावर आपापली घड्याळं आणून दिली. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली पाट, पाटावर पांढरं फडकं, फडक्यावर चिमटे, आणि उघडलेल्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून पालथी घातलेली काचेची वाटी. एवढाच तिचा कारखाना.

तिचे नियम मात्र राजवाड्यापेक्षा कडक होते. काम घरीच होईल, कोणाच्या वाड्यावर नाही. दुरुस्त झालेलं घड्याळ एक दिवस, एक रात्र तिच्या भिंतीवर चालेल, मगच मालकाच्या हाती पडेल. मालक सरदार असो की सुतार.

त्या भिंतीचीही एक खोड होती. लंबकाची घड्याळं एका भिंतीवर शेजारी टांगली की ती एकमेकांचं ऐकतात. एकाचा ठोका भिंतीतून दुसऱ्यात उतरतो, आणि हळूहळू सगळी एका तालात झुलू लागतात. मग आजारी कोण आणि धडधाकट कोण ते कळत नाही. म्हणून कमळजा प्रत्येक घड्याळामागे बनातीच्या लोकरी कापडाची जाड घडी सारून ठेवी, म्हणजे ज्याचं त्याने आपलं चालावं.

दुपार थांबली तेव्हा आतल्या खोलीत तिची मुलगी शेवंती बाळंत होत होती. कळा सकाळीच सुरू झाल्या होत्या. सुईण म्हणाली होती, दुपार कलता कलता सुटका होईल. दुपार कललीच नाही. कळ ओसरेना, वाढेना. मूल आत राहीना, बाहेर येईना. शेवंतीने पलंगाचा खूर धरला होता तो धरलाच होता. किती काळ गेला हे सांगता येत नाही, कारण तो गेलाच नव्हता.

कमळजाने भिंग कपाळावर सरकवलं आणि ती राजवाड्याकडे चालू लागली.

दरबारात अजून जयजयकारच चालला होता. ओरडणाऱ्यांचे घसे बसले होते आणि बरे होत नव्हते. राजा मात्र प्रसन्न होता. कमळजाने नमस्कार केला आणि सांगितलं, तुमचं घड्याळ बंद आहे, ते दुरुस्त करायला आले आहे.

"ते बंद नाही," राजा म्हणाला. "ते थांबवलेलं आहे."

"महाराज, बंद घड्याळाला मी बंदच म्हणते. सोन्याचं आहे म्हणून वेगळा शब्द नाही माझ्याकडे."

जयजयकार करणाऱ्यांनी या निमित्ताने घशाला जरा विश्रांती दिली. कालकंठ हसत पुढे आला. म्हणाला, बाई, दुरुस्तीला वेळ लागतो, आणि या राज्यात दुपारखेरीज वेळ उरलेला नाही. तुझ्याकडे असला तर दाखव.

"सकाळचं दव आण, संध्याकाळची सावली आण, रात्रीचा काळोख आण. तिन्ही आणलीस तर घड्याळ ने," कालकंठ म्हणाला.

राजाला ही गंमत आवडली. त्याने वचन दिलं.

कमळजा घरी आली. तिच्या खिडकीत एक साळुंकी राहत असे. तासातासाला वेळ सांगायचं काम तिने आपण होऊन पत्करलं होतं, आणि दुपार थांबल्यापासून वेळ सांगायला तिला ‘बारा’ हा एकच शब्द उरला होता, त्यामुळे ती चिडलेली होती.

"दव शोधायला डोंगरावर निघालीस तर शिदोरी बांधू नकोस," साळुंकी म्हणाली. "भात कच्चा आहे."

"मग कुठे जाऊ?"

"दुसऱ्यांच्या घड्याळांत जन्मभर डोकावलीस. त्यांत काय काय अडकून राहतं ते तुला पक्ष्याने सांगायचं का?"

कमळजाने भिंग डोळ्यावर ओढलं आणि ती पाटाशी बसली. नावाड्याचं खिशातलं घड्याळ कधीचं पडून होतं. ते एका पहाटे नदीकाठच्या गवतात राहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या काचेला आतून धुकं धरलं होतं. नावाडी खेटे घालून दमला होता. कमळजाने निरोप धाडून त्याची परवानगी विचारली, तेव्हा त्याने उलट निरोप दिला, की बाईंनी आजवर जी टाळाटाळ केली ती राज्याच्या कामी येते आहे याचा आनंद आहे.

देवळातल्या गुरवीणबाईंचं घड्याळ पश्चिमेच्या खिडकीसमोर वर्षानुवर्षं बंद पडलेलं होतं. मावळतीच्या उन्हाने त्याची तबकडी पिवळी पडली होती. काट्यांच्या कडेला तेवढी एक तिरकी, लांबट रेघ मूळ रंगाची होती. सावली पडून पडून तिथेच मुरली होती. गुरवीणबाई म्हणाल्या, न्या, पण तबकडी जपून, देवाची आहे.

तिसरं घड्याळ म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं. त्याला झाकण होतं. त्याची बायको गेली त्या रात्री त्याने वेळ पाहिली, झाकण मिटलं, आणि पुन्हा उघडलं नाही. कमळजाकडे देताना म्हणाला होता, दुरुस्त करू नका, उघडू नका, नुसतं तुमच्याकडे असू द्या. कमळजा स्वतः त्याच्याकडे गेली. म्हाताऱ्याने आधी आतल्या खोलीतून शेवंतीचा आवाज रस्त्यापर्यंत येतो का, असं विचारलं. येतो, असं ती म्हणाली.

"मग उघडा," तो म्हणाला. "पण राजासमोर उघडा. त्यालाही कळू दे रात्र कशी असते."

दरबारात कमळजाने नावाड्याच्या घड्याळाची काच उचलली. दवाचा थेंब तिच्या तळहातावर घरंगळला आणि सगळ्या दरबाराला पहाटेचा गारवा लागला. तिने गुरवीणबाईंची तबकडी उभी धरली. तिच्यातली सावली फरशीवर उतरली आणि लांबत लांबत सिंहासनाच्या पायरीला टेकली. मग तिने पहारेकऱ्याच्या घड्याळाचं झाकण उघडलं. दरबारात काळोख झाला. त्या काळोखात कोणीतरी हलकेच रडत होतं, आणि तो आवाज ऐकून राजाने मुकुट चाचपला. झाकण मिटलं तेव्हा पुन्हा ऊन होतं, पण जयजयकार सुरू करायचं कोणाला सुचलं नाही.

"ठीक आहे," राजा म्हणाला. "इथेच बस आणि कर तुझं काम."

"माझं काम माझ्या घरी होतं, महाराज. घड्याळ माझ्या भिंतीला लागतं."

प्रधान म्हणाले, राजाचं घड्याळ दुरुस्तीला बाहेर गेल्याची प्रथा नाही. कमळजा म्हणाली, राजाचं घड्याळ बंद ठेवायचीही नव्हती. कालकंठाने राजाच्या कानात सांगितलं, जाऊ द्या, लंबकाला हात लावील आणि पाटाशीच दगड होईल. तेव्हा घड्याळ पालखीत बसलं आणि राजा पालखीमागून पायी निघाला, कारण घड्याळ नजरेआड करायची त्याची तयारी नव्हती. राजवाड्याबाहेरचं ऊन त्याने प्रथमच अंगावर घेतलं. ते त्याने ठेवून घेतलेलंच ऊन होतं, पण ते इतकं भाजतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कमळजाच्या दारात आपापली बंद घड्याळं घेऊन सगळा गाव उभा होता. तिने राजाला जोडे बाहेर काढायला लावले आणि पायरीवर बसवलं. गिऱ्हाइकं तिथेच बसत. कालकंठ उभा राहिला. आतून शेवंतीचा आवाज येत होता, एकाच पट्टीतला, न वाढणारा आणि न थांबणारा. राजा थोडा वेळ ऐकत राहिला. त्याला ते सोसेना.

"बाई," तो म्हणाला, "तुझ्या मुलीपुरती दुपार कलती करतो. मांत्रिकाला तेवढं जमेल. तिची सुटका होईल. घड्याळ मला परत दे."

कमळजाचे हात थांबले. हे सगळ्यांना दिसलं. तिने मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं आणि शेवंतीने ऐकलं का ते विचारलं.

"ऐकलं," आतून शेवंती म्हणाली. शब्द दातांतून येत होते. "आई, त्याला विचार, माझं बाळ एकटंच मोठं होऊन खेळणार कोणाशी?"

कमळजा राजाच्या उत्तरासाठी थांबली नाही. तिने चौकटीला धरून राजाचं घड्याळ उचललं आणि भिंतीच्या मधोमध, सुताराच्या आणि सरदाराच्या घड्याळांमध्ये, रिकाम्या खिळ्यावर टांगलं. मंत्राची बातमी वेशीपर्यंत आली होती, म्हणून तिने लंबकाला हात लावला नाही. काट्यांना लावला नाही. मग ती भिंतीच्या एका टोकापासून निघाली आणि प्रत्येक घड्याळामागची बनातीची घडी ओढून काढत गेली. दारातल्या लोकांनी आपापली घड्याळं पुढे केली, आणि जिथे खिळा मिळेल तिथे ती टांगली गेली. मग तिने बोटाच्या टोकाने एकेक लंबक हलवला, राजाचा सोडून.

आधी नुसता कल्लोळ झाला. नवीन बाजारात भाव विचारावेत तसे सगळे ठोके एकमेकांवर पडत होते. कालकंठ हसला. मग शेजारच्याने शेजारच्याचं ऐकलं. सुताराचं घड्याळ पलीकडच्या घड्याळाशी जुळलं, ती दोन्ही तिसऱ्याशी. भिंत धडधडू लागली. फडक्यावरचे चिमटे वाजू लागले. पुढे सगळ्या भिंतीचा एकच ठोका झाला, आणि सोन्याचा लंबक केसभर हलला.

तो परत हलला, आणि या वेळी केसभराहून जास्त.

कालकंठाचं हसू गेलं. त्याने झेप घेऊन लंबक थांबवायला बोट पुढे केलं, जसं राज्याभिषेकाच्या दिवशी केलं होतं. त्या दिवशी मंत्र घालायचा होता. आता तो घातलेला होता. बोटाचं टोक लंबकाला लागलं न लागलं, तोच तो बोटापासून शेंडीपर्यंत दगड झाला. स्वतःला वगळायचं कलम मंत्रात घालायला तो विसरला होता. लंबक त्याच्या बोटापासून नखभर अंतरावरून झुलत राहिला.

काटे सरकले. पायरीवर बसलेल्या राजाच्या पायाखालून सावली बाहेर आली आणि अंगणात टेकली. साळुंकीने मान वाकडी करून तबकडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि घसा साफ केला.

"सव्वाबारा," ती म्हणाली.

आत बाळ रडलं. चुलीवरचा भात शिजल्याचा वास गल्लीभर सुटला. सुईण बाहेर येऊन मुलगी झाल्याचं सांगून गेली, आणि गर्दीतल्या पहारेकऱ्याने आपलं घड्याळ मागून घेतलं, उघडून पाहिलं ते उघडंच ठेवलं.

राजा उठला. त्याचा मुकुट घामाने सैल झाला होता. आपलं घड्याळ घेऊन जाऊ का, असं त्याने विचारलं, आणि त्याने ते विचारलं, हुकूम दिला नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"उद्या या, महाराज," कमळजा म्हणाली. "एक दिवस, एक रात्र भिंतीवर चालू दे. मग देईन."

त्या संध्याकाळी राज्यात सावल्या लांबल्या, मग काळोख पडला, आणि पहाटे गवतावर दव आलं. राजा दुसऱ्या दिवशी आला आणि नावाड्याच्या मागे रांगेत उभा राहिला. कालकंठ अजून तिथेच आहे. त्याच्या पुढे आलेल्या बोटावर कमळजा दुरुस्त झालेली खिशातली घड्याळं टांगते. खिळे कमीच पडतात. राजाची दुपार कलली तशी ज्याची त्याची वेळेवर कलो, आणि ज्याचा भात चुलीवर आहे त्याचा तो शिजो.